तलावात सोडलेला मासा किती वर्षं जगतो? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

जुलै लागला की काटोल-नरखेडपासून उमरेड-भिवापूरपर्यंत मत्स्यबीज सोडायची घाई सुरू होते, आणि पुढचा जून येईपर्यंत तेच ते प्रश्न विचारले जातात. विचारणारा कधी शेततळेवाला असतो, कधी रविवारी गळ घेऊन निघणारा, तर कधी फुटाळा तलावावर संध्याकाळी चक्कर मारणारा. त्यांची उत्तरं इथं एका जागी दिली आहेत. प्रश्न बहुतेक विचारले तसेच ठेवले आहेत.

एका वाक्यात सांगा भाऊ, सोडलेला मासा किती वर्षं जगते?

जगू शकतो दहा वर्षं, जगतो दहा महिने.

रोहूचं नोंदलेलं जास्तीत जास्त वय दहा वर्षांच्या घरातलं आहे. ग्रास कार्प, म्हणजे आपल्याकडचा गवत्या, वीस वर्षांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तर सगळ्यांत चिवट. त्याची ३८ वर्षांपर्यंतची नोंद आहे, आणि थंड मुलखातल्या तळ्यांत तो पंधरा-वीस वर्षं सहज काढतो. पण नागपूर जिल्ह्यात म्हातारा होऊन मेलेला रोहू शोधून सापडायचा नाही. त्याच्या आधी त्याला जाळं गाठतं, नाहीतर मे महिना, नाहीतर प्राणवायू संपलेली एखादी पहाट. म्हणून माशाच्या वयापेक्षा पाण्याची चौकशी करा. तुमच्या तलावात पाणी किती महिने टिकतं आणि रात्री त्यात काय घडतं, यावर बाकी सगळं ठरतं.

हजार नग सोडले तर हाती किती येतील?

नग कसले सोडले, ते आधी सांगा. बीज तीन आकारांत मिळतं. अंड्यातून निघून तीन-चार दिवस झालेलं ते जिरे. इंचभर झाली की अर्धबोटुकली. बोटाएवढी, तीन-चार इंचांची झाली की बोटुकली.

चांगल्या तयार केलेल्या संगोपन तळ्यातसुद्धा शंभर जिऱ्यांतून तीस-चाळीसच अर्धबोटुकली होतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यातली साठ ते सत्तर टक्के बोटुकलीपर्यंत पोचतात. म्हणजे एक लाख जिरे घेतले तर १८ ते २८ हजार बोटुकली, तीही हात बसलेल्या माणसाकडे. एकदा बोटुकली झाली की मात्र मासा सावरतो. नीट राखलेल्या तळ्यात शंभरातली ऐंशी-नव्वद विक्रीपर्यंत टिकतात.

मोठ्या, मोकळ्या तलावात हा हिशेब चालत नाही. तिथं मरळ टपलेली असते, बगळे काठावर उभे असतात, आणि थंडीत पाणकावळ्यांची टोळी उतरली की आठवड्याभरात लहान माशांचा फडशा पडतो. दिवड सापही आपला वाटा घेतोच. जिरे स्वस्त पडतात म्हणून थेट तलावात ओतणारे दरवर्षी भेटतात. ते मरळीला खाऊ घालतात, दुसरं काही होत नाही.

बीज सोडलं आणि दोन दिवसांत अर्धं वर आलं. बीजवाल्यानं फसवलं का?

तेही होतं, पण बहुतेक वेळा घाई नडते. बीज प्लास्टिकच्या पिशवीत येतं, थोडं पाणी आणि वर भरलेला प्राणवायू. पिशवीतलं पाणी एका तापमानाचं आणि तळ्यातलं दुसऱ्या. पिशवी फोडून तसंच ओतलं की पिल्लांना जो धक्का बसतो तो लगेच दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, पिशवी आडवी करा आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्या. हे काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायचं. भर दुपारी बारा वाजता, फोटो काढायला पाहुणे आलेत म्हणून, नाही.

तलावात सोडले तर ते पिल्लं देतीलच ना? मग दरवर्षी बीज काऊन घ्याचं?

कारण कटला, रोहू, मृगळ हे तिन्ही नदीचे मासे आहेत. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहू लागली, पाणी गढूळ आणि थोडं गार झालं, काठावरच्या उथळ जागी पसरलं, की ते अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात मादी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंड्यांनी भरते, वाट पाहते आणि ती अंडी अंगातच जिरून जातात. तुमच्या शेततळ्यात नर-मादी दहा वर्षं सोबत राहिले तरी पाळणा हलायचा नाही.

या अडचणीवर तोड काढली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं त्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणलं. आज देशभर १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो तो त्यामुळेच. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागे, आणि त्यात कटल्याच्या जोडीला शिकारी माशांची पिल्लंही फुकट येत.

तळ्यात आपली आपण वाढणारे दोघे आहेत, सायप्रिनस आणि तिलापिया. सायप्रिनस पाणवनस्पतींना चिकटवून अंडी घालतो आणि आपल्या उष्ण हवेत वर्षाच्या आतच वयात येतो. तिलापिया भारतात आला १९५२ साली. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं भराभर वाचतात आणि तळं लहान लहान माशांनी गच्च भरतं. संख्या भरपूर, वजन कोणालाच नाही. नागपूरच्या शहरी तलावांत आज गळाला सर्रास तिलापिया लागतो तो याच कारणानं.

थोडक्यात, सोडलेल्या कटल्या-रोहूचा तलाव दरवर्षी रिकामा होत जातो. मच्छीमार संस्था दर पावसाळ्यात बीज टाकतात ते म्हणूनच.

माझं ३० बाय ३० मीटरचं शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं. मासे वर्षभर जगतील का?

पाणी वर्षभर ठेवाल का? खरी अडचण तिथं आहे.

शेततळं खोदलं संत्र्यासाठी. ऑगस्ट-सप्टेंबरला ते काठोकाठ असतं, मार्चपासून बागेला पाणी सुरू होतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात वाऱ्यासोबत रोज सेंटीमीटरभर, कधी त्याहून जास्त पाणी नुसतं उडून जातं. मे उजाडेपर्यंत तीन मीटरचं तळं गुडघाभर होतं. बाहेर पारा ४५ च्या वर, खाली काळं प्लास्टिक. अशा उथळ पाण्याचं तापमान ३५ च्या पुढे सहज जातं. आपल्या कार्प माशांना, म्हणजे कटला-रोहूच्या जातकुळीला, २५ ते ३२ अंश मानवतं. पस्तिशीला ते खाणं सोडतात, आणि ३८-४० च्या पुढे तग धरत नाहीत.

त्यात भर अशी की पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात, ३५ ला सातच्याही खाली. उलट गरम पाण्यात माशाची गरज वाढलेली असते.

म्हणून दोनच मार्ग. एक, मेमध्येही पाच फूट पाणी राहील अशी सोय करा: बागेसाठी वेगळं पाणी, किंवा तळ्याचा एक कोपरा खोल. दुसरा, ज्याची मी बहुतेकांना शिफारस करतो, मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जाळं मारून मोकळे व्हा. तेवढ्या वेळात मासा किलोचा व्हावा असं वाटत असेल तर लहान बीज घेऊ नका. आदल्या वर्षीची, दाटीत राखलेली मोठी बोटुकली मिळाली तर ती घ्या. ती मोकळ्या पाण्यात भराभर वाढते.

संख्येचं म्हणाल तर साध्या पद्धतीत हेक्टरी पाच हजार बोटुकली. तुमचं तळं ९०० चौरस मीटर, म्हणजे साडेचारशे. दोन हजार सोडायचा मोह होईल. सोडलेत तर एप्रिलमध्ये पाव-पाव किलोचे दोन हजार मासे आणि रोज पहाटे काळजी, एवढंच मिळेल.

प्लास्टिकच्या तळ्याची आणखी एक गोष्ट: तळाला चिखल नसल्यानं मृगळ आणि सायप्रिनस या तळाशी चरणाऱ्यांची उपासमार होते. अशा तळ्यात कटला-रोहूचं प्रमाण वाढवा, आणि खाद्य हाताने द्यावंच लागेल हे धरून चाला.

हिवाळ्यात मरतात का?

नागपूरची थंडी कार्प माशांना मारत नाही. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहाच्या खाली उतरलं की ते खाणं कमी करतात आणि वाढ मंदावते, इतकंच. लक्ष ठेवायचं ते अंगावरच्या लाल चट्ट्यांवर. अल्सरचा रोग याच दिवसांत उसळतो आणि मरळीला सगळ्यांत आधी धरतो. थंडी सुरू व्हायच्या आधी तळ्यात चुना टाकणारे सहसा वाचतात.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. भूक लागली असेल का?

नाही! कोंडा टाकू नका. ते गुदमरताहेत.

दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हाच्या जोरावर प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ श्वास घेऊन प्राणवायू खातं. मासेही घेतात, तळाचा कुजणारा गाळही घेतो. संध्याकाळी भरपूर असलेला साठा रात्रभर उतरत जातो आणि पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान तळ गाठतो. लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर असेल तर मासा सुखी, तीनच्या खाली आला की कासावीस, एकच्या खाली गेला की सकाळी तुम्ही टोपलं घेऊनच यायचं. पाणी जितकं हिरवंगार, तितका हा दिवस-रात्रीचा झोका मोठा. हिरवं पाणी पाहून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दोन वेळा विशेष धोक्याच्या. ऑगस्टमध्ये चार-पाच दिवस सलग झाकोळ राहिलं की दिवसा प्राणवायू बनत नाही आणि रात्रीचा खर्च चालूच राहतो. दुसरी वेळ मेमधल्या अवकाळी पावसाची. वरचं पाणी एकदम गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि तळाचं सडकं, वायू भरलेलं पाणी वर उसळतं. एका रात्रीत अख्खं तळं साफ होतं आणि लोक म्हणतात, कोणीतरी विष टाकलं. कधी टाकतातही. पण पोलिसांत जाण्याआधी आदल्या संध्याकाळचं आभाळ आठवून पाहा.

लगेच करायचं काय: खाद्य बंद, शेणखत बंद. पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. बोअरचं पाणी सोडणार असाल तर तेही उंचावरून आपटतच सोडा. जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, नळी बुडवून सोडलंत तर उलटंच व्हायचं. पंप नसेल तर चार माणसं बांबू घेऊन पाणी झोडपा. दिसायला येडपट दिसतं, पण उपयोग होतो.

शहरातल्या तलावांत एकाएकी शेकडो मासे मरून तरंगतात. काऊन?

वर सांगितलेलंच, फक्त सांडपाण्यासकट. नागपूरचे तलाव मुळात शहराला पाणी पुरवायला, बागांना पाणी द्यायला बांधलेले. जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, गोंड राजवटीचा. अंबाझरी आणि फुटाळ्याच्या मागे भोसल्यांची नावं आहेत. गोरेवाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. आता बहुतेकांच्या चारही बाजूंनी वस्ती आहे. नाल्यातून येणारं सांडपाणी म्हणजे शेवाळाला खत. शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना प्राणवायू ओढून घेतं. जूनचा पहिला दमदार पाऊस पडला की रस्त्यांवरची आणि नाल्यांतली वर्षभराची घाण एका फटक्यात तलावात येते. मासे मेल्याच्या बातम्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर जास्त येतात त्या यामुळे.

जलपर्णीनं पाणी झाकलं की आणखी एक संकट. उजेड आत जात नाही, वाराही पाण्याला लागत नाही. गणपतीचं विसर्जन कृत्रिम टाक्यांमध्ये करण्याचा आग्रह धरला जातो, त्यामागेही मासे आहेत: प्लास्टर लवकर विरघळत नाही, रंग विरघळतात, आणि निर्माल्य कुजतं.

अशा मरतुकीत आधी कटला जातो, कारण त्याला प्राणवायू जास्त लागतो. तिलापिया बराच तग धरतो. मागूर आणि मरळ तर हवेतूनच श्वास घेतात, त्यांना फारसं काही होत नाही. म्हणून पाण्यावर तरंगणारे मासे कोणते आहेत हे पाहिलं की कारणाचा अंदाज येतो. सगळ्या जाती एकदम मेल्या असतील, मरळीसकट, तर मात्र विषाची शंका घ्यायला जागा आहे.

मेलेले मासे फुकट मिळतात. खायचे का?

नाही. शिजवल्यानं जंतू मरतील, पाण्यातलं रसायन मरत नाही.

फुटाळ्यावर आम्ही कणकेचे गोळे टाकतो. पुण्य लागतं म्हणतात.

पुण्याचं माहीत नाही. चार गोळे टाकले तर काही बिघडत नाही. रोज शंभर लोकांनी टाकले तर न खाल्लेलं पीठ तळाशी कुजतं, आणि पुढची गोष्ट वर वाचली आहेच. पाव तर नकोच.

तलाव ओसंडला की मासे निघून जातात का?

जातात, आणि हौसेनं जातात. वाहतं पाणी दिसलं की रोहू-कटल्याला नदीची ओढ लागते. ते सांडव्याकडे धाव घेतात. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीच्या पावसात अंबाझरी ओसंडून शहरात पूर आला तो सगळ्यांच्या लक्षात आहे. अशा वेळी तलावातला मोठा मासा नाग नदीत उतरतो, आणि तिथल्या पाण्यात त्याचं आयुष्य किती ते सांगायला नको. शेततळ्याला किंवा गावतलावाला सांडव्यावर जाळी लावायची ती पाऊस सुरू होण्याआधी. जाळीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबतं, ती रोज साफ करायलाही माणूस नेमा. नाहीतर पाळ फुटायची.

टीव्हीवर ट्राउट दाखवतात. आपल्याकडे सोडली तर?

आठवडाभर टिकली तरी नवल.

ट्राउट थंड पाण्याचा मासा. रेनबो ट्राउटला १२ ते १८ अंशांचं पाणी हवं, २५ च्या आसपास तिचा जीव जायला लागतो. नागपुरात तळ्याचं पाणी २५ च्या खाली असतं ते जेमतेम हिवाळ्यात. चिखलदऱ्याचं नाव दरवेळी निघतं. चिखलदरा हजार-अकराशे मीटरवर आहे, नागपूरपेक्षा खूपच गार, पण तिथला एप्रिल-मेसुद्धा ट्राउटच्या सोयीचा नाही.

भारतात ती जगते काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल इथल्या बर्फाच्या पाण्यात, आणि दक्षिणेत निलगिरी व मुन्नारच्या उंच डोंगरांवर. काश्मीरमध्ये ती मुळातली नाही. १८९९ साली विलायतेतून आणलेल्या ब्राऊन ट्राउटच्या अंड्यांची पहिली खेप वाटेतच वाया गेली, १९०० साली आलेली दुसरी रुजली.

मग थंड देशांत तरी तळ्यात सोडलेली ट्राउट किती जगते?

इथं गंमत आहे, कारण गोष्ट बरीचशी आपल्या रोहूसारखीच निघते. रेनबो ट्राउट चार ते सहा वर्षं जगू शकते, ब्राऊन ट्राउट त्याहून जास्त, दहाच्या पुढेही. पण अमेरिकेत मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली वीतभर ट्राउट वसंत ऋतूत तळ्यात सोडतात, ती पहिल्या काही आठवड्यांतच गळांना लागून संपू लागते. हौदात वाढल्यामुळे तिला बगळ्याची भीती ठाऊक नसते आणि स्वतः अन्न शोधायची सवय नसते. उरलेल्यांना उन्हाळा गाठतो. खोल तळ्यात वरचा थर तापलेला आणि तळचा थर थंड पण प्राणवायू संपलेला, अशा दोन्हींमधल्या पातळ पट्ट्यात ट्राउट अडकते. तो पट्टा आटला की ट्राउट संपली. उथळ तळ्यांत हिवाळाही मारतो: वर बर्फ आणि हिम साचून उजेड बंद होतो, खाली प्राणवायू संपतो.

यातून निभावलेल्या थोड्या आणखी दोन-तीन वर्षं काढतात आणि चांगल्या मोठ्या होतात. पण तळ्यात त्यांचीही पैदास होत नाही. अंड्यांना थंड, वाहतं पाणी आणि तळाला स्वच्छ खडी लागते. तळ्याला तसा ओढा येऊन मिळत नसेल तर दरवर्षी पुन्हा मासे आणून सोडावे लागतात. त्यांच्याकडे ट्राउट, आपल्याकडे कटला. मारणारा मात्र तिकडेही इकडेही तोच, गरम पाणी आणि अपुरा प्राणवायू.

पूर्वी मामा तलावांत माणसाएवढे मासे निघायचे असं आजोबा सांगतात. खरं का?

माणसाएवढ्याचं सोडा, पण मोठे निघायचे हे पटण्यासारखं आहे. मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातले, तलाव भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडे हजारोंनी आणि आपल्याही जिल्ह्यात. कोहळी समाजानं त्यातले कितीतरी बांधले, ढीवरांनी त्यात मासेमारी केली. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली आणि हे तलाव सरकारकडे आले, म्हणून ते माजी मालगुजारी, बोलीत मामा तलाव. गाळ कमी होता, खोली होती, उन्हाळ्यातही काही डोह आटत नसत. अशा डोहात चार-सहा पावसाळे काढलेला मासा सापडणं अशक्य नव्हतं.

दुसरं म्हणजे तिथले मूळचे मासे वेगळे होते. मरळ, मागूर, शिंगी यांना कोणी सोडत नसे. तलाव आटला तरी ती ओल्या चिखलात तग धरत आणि पाऊस येताच आपली आपण वाढत. त्यांच्यासाठी किती वर्षं जगतात हा प्रश्नच नव्हता, कुटुंब पुढे चालत राही. नंतर गाळ साचला, काठाला बेशरम हे तण माजलं, आणि उत्पन्नासाठी कटला-रोहूच्या बीजावर भर आला. ढीवरांच्या काही गटांनी गेल्या काही वर्षांत बेशरम काढून तळाशी देशी पाणवनस्पती पुन्हा लावायला सुरुवात केली आहे. माझ्या मते बीजाच्या दहा पिशव्यांपेक्षा हे काम मोलाचं आहे.

गळाला आठ किलोचा कटला लागला. वय किती असेल?

वजनावरून वय सांगणारा थापा मारतो असं खुशाल समजा. मोकळ्या पाण्यात, भरपूर अन्नावर कटला पहिल्याच वर्षी किलो-दीड किलोचा होतो आणि पुढे झपाट्यानं वाढतो. दाटीच्या तळ्यात तोच तीन वर्षांचा होऊन अर्धा किलोवर अडतो. खवला भिंगाखाली पाहिला तर त्यावर वर्तुळं दिसतात. वाढ मंदावली की ती जवळजवळ येतात. थंड देशांत हिवाळ्याचं वर्तुळ ठळक उमटतं. आपल्याकडे ऋतूंचा फरक तेवढा तीव्र नसल्यानं वाचायला कठीण, तरी जाणता माणूस अंदाज बांधतो. माशाच्या कानातल्या खड्यासारख्या हाडावरूनही वय काढतात. तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, खरीच उत्सुकता असेल तर चार-पाच खवले कागदात गुंडाळून तिथं विचारा.

मासे दोन-तीन वर्षं ठेवून मोठे करावेत की वर्षात विकावेत?

पाण्याची खात्री असेल तर थोडे ठेवा, सगळे नको. दुसऱ्या वर्षापासून खाद्य जास्त लागतं, धोका प्रत्येक उन्हाळ्यात तोच राहतो, आणि वयात आलेली मादी खाल्लेलं अन्न अंड्यांत घालते. नागपूरच्या बाजारात आंध्रातून बर्फात आलेला कटला-रोहू रोज असतो. तुमचा माल त्याच्याशी भावात नाही, ताजेपणात भिडतो. गावातच, तळ्याच्या काठावर, जिवंत फडफडणारा किलो-सव्वा किलोचा मासा विकणारा शेतकरी मला नेहमी फायद्यात दिसला आहे.

घरच्या काचेच्या टाकीतले मासे अंबाझरीत सोडले तर जगतील का?

बरेच मरतील, आणि जे जगतील ते डोकेदुखी होतील. काच चाटणारा सकर मासा टाकीत वीतभरही नसतो, तलावात हात-दीड हात होतो, काठ पोखरून बिळं करतो, आणि त्याच्या कवचामुळे त्याला कोणी खात नाही. मच्छीमारांची जाळी फाडतो ते वेगळंच. नको असेल तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

गळाला लागलेला मासा परत सोडला तर जगतो का?

कार्प चांगले जगतात, तुम्ही नीट हाताळलेत तर. हात ओले करून धरा. कोरड्या हातानं किंवा फडक्यानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून बुरशी लागते. कल्ल्यात बोट घालू नका. गळ खोल गिळला असेल तर ओढण्यापेक्षा दोरी कापा. पाण्याबाहेर फोटोपुरताच, आणि सोडताना फेकायचा नाही, पाण्यात धरून ठेवायचा, तो आपणहून निसटेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये दुपारी पकडून सोडलेला मासा मात्र अनेकदा तासाभरानं उलटा होतो. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत गळ गुंडाळा.

गळ टाकायला परवानगी लागते का?

लागते असंच धरून चला. बहुतेक तलावांतली मासेमारी मच्छीमार संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असते, मासे त्यांनी पैसे देऊन सोडलेले असतात. काठावर जाळं सुकवणारे काका दिसले की आधी त्यांना विचारा. बहुधा नाही म्हणणार नाहीत, आणि मासा कुठं बसतो तेही सांगतील. तोतलाडोह धरणाचं पाणी पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथं मासेमारीला बंदी आहे, गळसुद्धा चालत नाही.